डावा खिसा

अप्पांची बोटं गेली तेव्हा मी पाचवीत होते. बोम्मसंद्र्याला एका शेडमध्ये पत्र्याचे भाग ठोकून काढायचा प्रेस होता, त्यावर ते कामाला होते. डावा हात अडकला. मालकाने त्यांना काढून टाकलं नाही, गेटवर बसवलं, आणि सगळे म्हणाले मालक देवमाणूस आहे. गेटवरच्या माणसाला मशीनवरच्या माणसाएवढं मिळत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. भाजीतलं तेल कमी झालं आणि घरात पाहुणे यायचे बंद झाले, त्यावरून कळलं. आईने शिवणाचं मशीन आतून उचलून उंबऱ्याजवळ उजेडात आणलं. जयनगरच्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांना ती फॉल लावायची, पिको करायची. घर एका खोलीचं. आईचं बेतायचं काम संपलं की फळी रिकामी व्हायची, मग तिच्यावर माझा अभ्यास. खडूची पूड माझ्या सगळ्या वह्यांना लागलेली असायची.

आम्ही शिंपी. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला आमचे लोक इकडे कानडी मुलखात आले आणि परत गेलेच नाहीत, असं घरात सांगतात. खरं-खोटं कोणी तपासलेलं नाही. घरात मराठी बोलतो, पण पुण्याच्या माणसाने ऐकलं तर त्याला अर्धं कानडी वाटेल. कॉलेजची पायरी आमच्यात कोणी चढलं नव्हतं. मी चढले. चित्रकलेची डिग्री घेतली. ही गोष्ट मी आवाज खाली करून सांगत नाही.

पण तिच्याआधीची एक गोष्ट आहे, ती मी बरीच वर्षं कोणालाच सांगितली नव्हती.

आठवीत पालकांची मीटिंग होती. आईकडे लग्नाच्या सीझनचे ब्लाउज होते, म्हणून अप्पा ड्युटीवरून तसेच खाकी शर्टात आले. सही करताना त्यांनी डाव्या हाताने मार्कांचा कागद दाबून धरला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपली बोटं दुमडली आणि तो हात शेजारणीच्या तोंडासमोर नाचवला. दोघी तोंड दाबून हसल्या. मी पाहिलं. अप्पांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. बसस्टॉपवर मी त्यांना म्हटलं, "अप्पा, पुढच्या वेळी येताना हात खिशात घालून या ना."

"सरी," ते म्हणाले. कानडीतलं 'बरं'. दुकानदाराला म्हणावं तसं म्हणाले.

त्या दिवसापासून घराबाहेर मी तो हात पाहिला नाही. शाळेत नाही, बसमध्ये नाही, कोणाच्या लग्नात नाही. अक्षता टाकायच्या तर उजव्या हाताने, पिशवी धरायची तर उजव्या हाताने. घरात आल्यावर हात बाहेर असायचा, पण तोवर माझी बघायची सवय गेली होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एका दुपारी ते गेटवरच्या खुर्चीतच गेले. त्यांना घेऊन आलेला माणूस आईला सांगत होता, "अक्का, आम्हाला वाटलं डुलकी लागली. हात खिशात होता, मान खाली होती."

हात खिशात होता, एवढंच मी ऐकलं.

डिग्रीनंतर एका मोठ्या कंपनीत मी मोबाईलवरच्या गेमसाठी फळं रंगवायची. आंबा फुटतो, टरबूज फुटतं, रस उडतो. दोन वर्षं रस उडवला. तिथेच लेव्हल रचणारा एक पुणेकर होता. त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचा गेम करायचं ठरवलं. पात्रं काढायला त्याने मला बोलावलं, कोड लिहायला एका मैसूरच्या पोराला. कोरमंगलाला एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं बसायचो. खाली भाड्याने राहणाऱ्या पोरापोरींचं पीजी होतं, त्यामुळे जिन्यात कायम कोणाची तरी ओली चप्पल.

पुणेकर माझ्या बोलण्याची टर उडवायचा. "तुझं मराठी म्हणजे इडलीबरोबर श्रीखंड आहे."

"खाऊन बघ मग," मी म्हणायची.

कोडवाला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, "अक्का म्हटलं की चित्र लवकर मिळतं." तो कानडीत बोलायचा, पुणेकर मराठीत, भांडण इंग्रजीत व्हायचं.

गेम साधा होता. बंद पडलेल्या कारखान्यात एक मुलगी अडकली आहे. तिला गेटपर्यंत पोचायचं आहे. आत एक भूत फिरतं. त्याने बघितलं की मुलगी परत पहिल्या शेडमध्ये. ते भूत मी काढायचं होतं.

पहिलं काढलं ते नखांचं. पुणेकर म्हणाला, असली दहा पाहिलीत. दुसरं बिनडोळ्यांचं. तो म्हणाला, अकरा. तिसऱ्या वेळी ते दोघे खाली जेवायला गेले होते आणि मी एकटी होते. कारखान्यात भूत असेल तर ते कोणाचं असेल, असा विचार करत मी एक माणूस उभा केला. खाकी कपडे, टोपी, सगळा भार एका पायावर, डावा हात खिशात. चेहरा दिला नाही, टोपीची सावलीच पाडली. पडद्यावर तो माझ्या अंगठ्याएवढा होता.

पुणेकर हात पुसत आला आणि मागे उभा राहिला. पडद्यावर वाकला. मग म्हणाला, "हा. हाच. ह्याच्या खिशात काय आहे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

हे मी खोटं बोलले. आणि काढताना मला अप्पा आठवले नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं, तेही खोटं.

पात्र चालवायचं तर त्याच्या चालीची आठ चित्रं काढावी लागतात. ती एकामागून एक फिरवली की माणूस चालतो. पण त्याहून अवघड असतं ते उभं राहणं. खेळणाऱ्याने कुठलंच बटण दाबलं नाही तरी पात्र दगडासारखं थांबून चालत नाही, त्याला श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी चार चित्रं. छाती एक ठिपका वर, एक ठिपका खाली. ते श्वास मला जमत नव्हते. घाईचे वाटायचे, दम लागल्यासारखे. मी लहान असताना रविवारी दुपारी जेवून अप्पा चटईवर आडवे व्हायचे आणि मी त्यांच्या पोटावर पट्टी ठेवायची. ती किती सावकाश वर जायची ते आठवून मी मोजलं आणि तेवढं अंतर ठेवलं. मग जमलं.

जमलं, आणि तिथून मला त्रास सुरू झाला. मी दुसऱ्या कामाला लागायची, कपाटं, पाइप, गंजलेल्या खिडक्या रंगवायची, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो श्वास घेत उभा असायचा. पडद्यावरची त्याची खिडकी बंद केली असती तरी चाललं असतं. मी करायची नाही. जेवून यायची, तो उभाच. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी तोच दिसायचा. गेटवरच्या खुर्चीत जी छाती हलायची थांबली होती ती इथे भर दिवसा हलत होती आणि ती मी हलवत होते.

एकदा तर चहा घेत त्याच्याकडे बघत बसले होते, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते चित्र मी काढलेलं होतं, बाजूला बघायचं, पण वापरलं नव्हतं. कप माझ्या हातून सांडला. कोडवाला पलीकडून म्हणाला, "ओह, ते मी काल घातलं अक्का. खूप वेळ कोणी काही केलं नाही की तो बघतो. भारी आहे ना?"

"सांगून तरी घाल," मी म्हटलं.

मग शेवट ठरला. पुणेकराच्या डोक्यात तो पक्का होता. मुलगी गेटपाशी पोचते, तो आडवा येतो, आणि पहिल्यांदाच हात खिशातून बाहेर काढतो. "हात असा पाहिजे की माणूस खुर्चीतून पडला पाहिजे," तो म्हणाला. "तोंडावर आलेला हात. पूर्ण पडदा."

मी दोन दिवसांत तो काढला. पाचवीत असताना हॉस्पिटलात बँडेजच्या आत काय असेल म्हणून मी जे-जे मनात आणलं होतं, ते सगळं त्यात ओतलं. काळं मांस, हाड, तुटलेली पाचही बोटं. काम चांगलं झालं होतं. माझ्या हातून इतकं चांगलं काम तोवर झालं नव्हतं. आज ते आठवलं की तेच जास्त टोचतं.

पुढच्या रविवारी खालच्या पीजीतली पाच-सहा पोरं-पोरी गेम खेळून बघायला वर आली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. एक मुलगा शेवटपर्यंत पोचला. हात बाहेर आला. तो किंचाळला आणि खुर्ची मागे सरकली, मग सगळे हसले. त्यातल्या एका मुलीने आपली बोटं दुमडून तो हात मैत्रिणीच्या तोंडासमोर नाचवला. मैत्रीण म्हणाली, "शी, काढ तो."

पुणेकराने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी पर्स उचलली आणि घरी गेले.

आई मशीनवर होती. मी लवकर का आले, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "ते तुझं काय चाललंय ते दाखव तरी एकदा. शेजारची अक्का विचारते, मुलगी काय करते. मी सांगते, बाहुल्या काढते."

मला दाखवायचं नव्हतं. पण मी तिला कधी नाही म्हटलेलं नाही. बेतायच्या फळीवर लॅपटॉप ठेवला, दोन बटणं दाखवली, हे पुढे, हे मागे. तिने चष्मा लावला आणि शिवणाला बसावं तशी ताठ बसली. ती अजिबात घाबरली नाही. मुलीला कपाटामागे उभी केली आणि भुताकडे बघत राहिली. ते डावीकडे गेलं, भिंतीपाशी वळलं, उजवीकडे आलं. परत गेलं. परत आलं.

"हे तुझे अप्पा ना," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"चाल त्यांचीच आहे. पण हे काय केलंस? जाताना डावा हात खिशात, येताना उजवा. येताना डावा मोकळा. असं कसं?"

तिला सांगावं लागलं. आम्ही पात्र एकाच बाजूचं काढतो. दुसरीकडे जायचं झालं की तेच चित्र आरशात दिसावं तसं उलटवतात, काम निम्मं होतं. सगळेच करतात. उलटवलं की डावा हात उजवा होतो. पंधराशे वेळा मी त्याला ये-जा करताना पाहिलं असेल, माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईच्या लक्षात आलं. ती आयुष्यभर डावी बाही आणि उजवी बाही वेगळी बेतत आली होती.

"उलटं कापड लावल्यासारखं दिसतं," ती म्हणाली. "नीट कर."

मग मी तिला शेवटचा हातही दाखवला. लपवून तरी किती लपवणार. ती बघत राहिली. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हे कोणाचं आहे?"

"अप्पांचं."

"नाही. तू कधी बघितलाच नाहीस त्यांचा हात."

मी रडायला लागले, आणि मग बसस्टॉपवरची गोष्ट तिला सांगून टाकली. हात खिशात घालून या, असं मी म्हणाले होते ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती ऐकत होती आणि एका हाताने टेबलावरचे दोरे गोळा करत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी आले आणि पँट काढून दिली. म्हणाले, खिसा उथळ आहे, हात राहत नाही, स्वल्प खोल कर. मी विचारलं, का हो. मग सांगितलं. त्यानंतर प्रत्येक पँटचा डावा खिसा मी चार बोटं जास्त बेतायची."

"रागावले नाहीत?"

"रागावले ना. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग विसरले असतील, नसतील. मी काय त्यांच्या पोटात शिरले होते?"

तिने मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगितलं नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही.

मग तिने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर आपला डावा हात पालथा ठेवला आणि शिवणाच्या खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली. हात उचलला. अंगठ्याने करंगळी पुसून टाकली, तिच्या शेजारचं बोट पुसलं, मधलं बोट वरच्या पेरापर्यंत पुसलं. "एवढंच गेलं होतं," ती म्हणाली. "हा अंगठा होता, हे बोट होतं. थंडीत दुखायचं, मी तेल लावायची. ह्या दोन बोटांनी मला सुईत दोरा ओवून द्यायचे. माझी नजर कमी झाल्यावर रोज तेच ओवायचे. तू कॉलेजला असायचीस."

मी तो पुठ्ठा घेऊन सोमवारी कोरमंगलाला गेले. दोघांना बसवलं आणि सांगितलं, हा माणूस माझे अप्पा आहेत. हात बदलायचा आहे आणि उजवीकडची सगळी चित्रं नव्याने काढायची आहेत.

पुणेकराने पुठ्ठा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सांगता आलं नाही."

"मला वाईट वाटतंय, खरंच. पण दहा दिवसांनी गेमच्या प्रदर्शनात पाठवायचंय. आणि काल काय झालं ते बघितलंस ना? त्या हाताचीच चर्चा होणार आहे."

"तेच नकोय मला."

कोडवाला म्हणाला, "अक्का, उलटवायला एक ओळ लागते. कोणाला कळणार आहे?"

"आईला कळलं."

"तुझ्या आईसारखे किती जण खेळणार?"

"एक खेळली, तेवढं पुरे झालं."

पुणेकराचा मुद्दा वेगळा होता, आणि तो बरोबर होता. उजवीकडे जाताना माणसाची उजवी बाजू दिसते. म्हणजे खरं काढलं तर खिशातला हात पलीकडे राहणार, अर्धा वेळ दिसणारच नाही. "आख्खा गेम त्या खिशावर उभा आहे आणि तू तो अर्धा झाकणार?"

"तो झाकलेलाच होता," मी म्हटलं. "नसेल पटत तर तू काढ. पुठ्ठा इथे आहे."

त्याने खरंच पेन घेऊन दहा मिनिटं हात काढायचा प्रयत्न केला. कोडवाला वाकून बघत म्हणाला, "हे वांगं आहे का?" आम्ही तिघंही हसलो, पण तिढा सुटला नाही. मी माझी सगळी चित्रं परत घेईन असंही म्हणाले, आणि ती धमकी नव्हती. दोन दिवसांनी पुणेकराचा मेसेज आला. कर, पण लवकर कर.

लवकर झालं नाही. उजवीकडची चाल, उजवीकडचा श्वास, वळणं, सगळं पहिल्यापासून काढताना मला महिना लागला. प्रदर्शन हुकलं. पुणेकर पंधरा-वीस दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. नवीन चित्रं बसवल्यावर कोडवाल्याने एकदा खेळून पाहिलं आणि म्हणाला, उजवीकडे जाताना हात दिसत नाही, तेव्हा जास्त भीती वाटते. मला तेव्हा भीती वाटत नव्हती. पण तो तसा उजवीकडे दूर जायचा तेव्हा मी अजूनही त्याचे श्वास मोजायची.

शेवटी आता असं होतं. मुलगी गेटपाशी येते. तो आडवा येतो. खिशातून हात काढतो, पुठ्ठ्यावर होता तसाच, साधा, स्वच्छ, जखम केव्हाच भरलेला हात. उरलेल्या दोन बोटांनी गेटची कडी वर करतो आणि बाजूला होतो. ती बाहेर जाते. दुसऱ्यांदा पोरांना खेळायला बोलावलं तेव्हा कोणी किंचाळलं नाही. एका मुलीने हेडफोन काढले आणि कडी उघडी ठेवूनच थोडा वेळ बसून राहिली. एक मुलगा म्हणाला, बस, एवढंच?

आता लोक गेमबद्दल लिहितात त्यातही हे दोन्ही असतं. शेवटाला दम नाही, असं बरेच जण म्हणतात. मी ते वाचते आणि सोडून देते. त्या बसस्टॉपवर मी जे म्हणाले ते या गेमने पुसलं गेलेलं नाही, आणि पुसलं जाईल अशा समजुतीने मी तो काढलाही नाही. मला फक्त तो हात जसा होता तसा काढायचा होता, आणि तो लोकांसमोर उघडा ठेवायचा होता.

गेम पूर्ण झाला आणि विक्रीला लागला. त्यातली सगळी पात्रं आणि सगळी चित्रं मी काढली आहेत. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत त्या कामापुढे एकच नाव आहे, आणि ते माझं आहे.